पंख्याविना दणकट डेस्कटॉप: वॅटचा जमाखर्च, फिनमधली फट आणि बाकीच्या भानगडी

पंखा_नको (धागाकर्ता)

बिनपंख्याच्या पीसीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, 'कूलर कुठला घेऊ?' तो प्रश्न शेवटचा आहे. आधी वॅट ठरवायचे, मग ते वॅट हवेत सोडायला किती पत्रा लागेल ते बघायचं, आणि मग त्या पत्र्यापर्यंत उष्णता न्यायची कशी याचा विचार करायचा.

उदाहरण घेऊ. रायझन ७ ७७००. खोक्यावर टीडीपी (कंपनीने जाहीर केलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट, पण सॉकेटमधून प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत ओढतो. बायोसमधला पीपीटी (सॉकेटची वीजमर्यादा) हा आकडा तो हाच. हिशोब नेहमी याच्यावर करा, खोक्यावरच्या आकड्यावर नाही. खोली ३२ अंश धरू. हा प्रोसेसर ९५ अंशांना स्वतःला आवरतो, म्हणजे चढायला जागा मिळाली ६३ अंशांची.

आता वाटेत कुठे किती अंश खर्च होतात ते बघा. चिपपासून वरच्या धातूच्या टोपीतून ब्लॉकपर्यंत (टोपीवर बसणारा धातूचा ठोकळा) साधारण ०.३ अंश प्रति वॅट. ही चिप लहान आणि टोपी जाड आहे, त्यामुळे इथे फार काही सुधारत नाही. ब्लॉक, हीटपाइप (उष्णता नेणारी नळी) आणि पॅनेलचा (हवेत उष्णता सोडणारी कॅबिनेटची भिंत) सांधा मिळून ०.१२. पॅनेलपासून हवेपर्यंत चांगलं डिझाइन असेल तर ०.३. बेरीज ०.७२. गुणिले ८८ म्हणजे ६३ अंश. मिळालेली सगळी जागा संपली, प्रोसेसर ९५ वर टेकला. खोली ३८ झाली की क्लॉक (प्रोसेसरचा वेग) पडायला लागणार.

हाच पीपीटी ६५ वर आणा. ४७ अंश चढ, प्रोसेसर ७९ वर. हार्डवेअर तेच, एक स्क्रूही हलवलेला नाही.

आणि वेग तेवढ्या प्रमाणात पडत नाही. वीज ही क्लॉक गुणिले व्होल्टेजचा वर्ग अशा हिशोबाने लागते. क्लॉक १० टक्के उतरवला आणि त्याबरोबर व्होल्टेज ८ टक्के उतरलं, तर खप जवळपास पाव भागाने कमी होतो. शेवटच्या काही टक्के वेगासाठीच चिप सगळ्यात जास्त तापते. बिनपंख्याच्या पीसीत ती हौस सोडून द्यायची, बाकी सगळं जमतं.

चर्चा होऊ द्या. पॅनेल, ग्राफिक्स, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) या प्रत्येकाचा वेगळा प्रतिसाद लागेल.

नवशिक्या_नळ

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: मोठा ड्युअल टॉवर कूलर आहेच, त्याचे दोन्ही पंखे काढून टाकले तर? धातू तर भरपूर आहे.

तांबेपितळ

@नवशिक्या_नळ, बाळबोध नाही, सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. उत्तर: ३०-३५ वॅटपर्यंत बहुतेक वेळा निभतं, त्यापुढे नाही. कारण धातूची कमतरता हे नाही, फट अरुंद आहे हे आहे.

पंख्यासाठी बनवलेल्या कूलरच्या दोन फिनमध्ये (उष्णता सोडणारी धातूची पाती) दीड ते अडीच मिमी जागा असते. पंखा तिथून हवा रेटतो. पंखा काढला की हवेला स्वतःच्या बळावर वर चढायचं असतं, आणि प्रत्येक फिनच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक संथ थर असतो. समोरासमोरचे दोन थर एकमेकांना भिडले की फट बुजलीच समजा.

१५ सेंमी उंचीचे उभे फिन, खोलीपेक्षा ३० अंश जास्त तापमान, अशा वेळी सर्वांत फायद्याची फट गणिताने जवळजवळ ८ मिमी येते. उंची ३० सेंमी केली तर साडेनऊच्या आसपास. यापेक्षा जवळ आणून फिनची संख्या वाढवली तर क्षेत्रफळ वाढतं आणि उष्णता मात्र कमी बाहेर पडते. म्हणून नॉक्टुआने २०२१ साली काढलेला एनएच-पी१ बघितला की डोळ्यांना विचित्र वाटतं: १५८ मिमी उंच, ६ हीटपाइप, जवळजवळ १.२ किलो वजन, आणि फिन मात्र मोजके, जाड, लांबलांब. ते तसं असण्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट दिशेची. टॉवर कूलरचे फिन मदरबोर्डला समांतर असतात. मदरबोर्ड उभा असेल तर फिनही उभे राहतात आणि हवा खालून वर जाते. तोच मदरबोर्ड आडव्या कॅबिनेटमध्ये झोपवला की फिन ताटांच्या चवडीसारखे आडवे होतात आणि गरम हवा मधेच अडकून बसते. नियम सोपा: खालून वर बघितलं तर फटीतून आरपार दिसलं पाहिजे.

चिमणी

तांबेपितळ यांना +१. आता कॅबिनेटबद्दल, कारण एनएच-पी१ सारखा कूलर बंद कॅबिनेटमध्ये घातला तर तो आतलीच गरम हवा परत परत गरम करत बसतो.

दोन पंथ आहेत. एक, कॅबिनेटची भिंतच हीटसिंक. दुसरा, आत मोठा कूलर आणि कॅबिनेट म्हणजे धुराडं. धुराड्याचं गणित फार लोक करत नाहीत, म्हणून देते.

४० सेंमी उंच कॅबिनेट, आतली हवा बाहेरपेक्षा १५ अंश गरम. या फरकाने हवेला वर ढकलणारा दाब येतो साधारण ०.२ पास्कल. चांगला १२० मिमी पंखा २० पास्कलच्या वर दाब देतो. शंभरपट फरक आहे! म्हणून पंख्याच्या कॅबिनेटमध्ये जे चालतं ते इथे चालत नाही.

१०० वॅट उष्णता १५ अंशांच्या फरकाने बाहेर काढायला सेकंदाला जवळपास ६ लिटर हवा लागते. ०.२ पास्कलवर, वळणं-अडथळे धरून, हवेचा वेग ०.३ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास मिळतो. म्हणजे खाली सुमारे २०० चौ. सेंमी आणि वर तितकंच *मोकळं* भोक हवं. जाळी ६० टक्के मोकळी असेल तर जाळीचा तुकडा ३३० चौ. सेंमीचा. खालची भोकं पुरेशी असूनही कॅबिनेटचे पाय ५ मिमीचे असतील तर उपयोग शून्य, कारण हवा आधी त्या पायांमधल्या फटीतून यायची आहे. पाय २० ते २५ मिमी करा.

आणि धुळीची गाळणी काढून टाका. हो, काढून टाका. बारीक जाळीची गाळणी ०.२ पास्कलचा सगळा जोर एकटी खाते. हवा इतकी संथ असते की धूळही कमी ओढली जाते. तीन-चार महिन्यांनी ब्रश फिरवला की झालं.

अवांतर: ॲपलचा २००० सालचा पॉवर मॅक जी४ क्यूब याच तत्त्वावर होता. तळातून हवा आत, मधल्या पोकळीतून वर. पंखा नाही. अर्थात तेव्हा प्रोसेसर ४५० आणि ५०० मेगाहर्ट्झचे होते.

खटपट्या

भिंतच हीटसिंक करायची असेल तर दोन सूचना. (१) पॅनेल काळंच घ्या, काळा रंग उष्णता जास्त फेकतो. (२) हीटपाइप बसते त्या जागेवरचं ॲनोडायझिंग पॉलिश पेपरने घासून काढा. तो ऑक्साइडचा थर उष्णता अडवतो.

उष्मांक

खटपट्या भाऊ, दोन्ही सूचना सगळीकडे वाचायला मिळतात आणि दोन्ही अर्ध्याच खऱ्या आहेत.

रंगाचं आधी. ६० अंशांचा पत्रा जे किरण फेकतो ते अवरक्त असतात, डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाचा तिथे संबंध नाही. ॲनोडाइझ केलेलं ॲल्युमिनियम काळं असो, चंदेरी असो, लाल असो, उत्सर्जकता (किरणांवाटे उष्णता फेकण्याची क्षमता, कमाल १) ०.८ च्या आसपासच. कोरं, चकचकीत ॲल्युमिनियम ०.०५ ते ०.१. तेव्हा फरक ॲनोडायझिंगचा आहे, रंगाचा नाही. काळ्याचा तोटा मात्र खरा आहे: खिडकीतून ऊन आलं तर ते तोच जास्त शोषतो.

किती फरक पडतो? ३५ सेंमी रुंद, ३० सेंमी उंच पॅनेल घ्या, ३ सेंमी लांबीचे ३५ फिन. फिनच्या दोन्ही बाजू धरून क्षेत्रफळ ०.६३ चौ. मीटर. योग्य फटीत नैसर्गिक संवहन साधारण ४.४ वॅट प्रति चौ. मीटर प्रति अंश देतं. म्हणजे २.८ वॅट प्रति अंश. किरणोत्सर्गासाठी मात्र फिनचं क्षेत्रफळ मोजायचं नाही, कारण फिन एकमेकांकडेच बघत असतात, एकाने फेकलेलं दुसरा घेतो. फक्त बाहेरचा चौकोन मोजायचा, ०.१०५ चौ. मीटर, त्यातून ०.६ वॅट प्रति अंश. एकूण ३.४. उलटं केलं की ०.३ अंश प्रति वॅट, धागाकर्त्यांनी धरलेला आकडा. ८८ पैकी १५ वॅट केवळ किरणोत्सर्गाने जातात. पॅनेल कोरं ठेवलं तर ते दीड-एक वॅटवर येतील.

आता घासण्याबद्दल. ६ मिमीची पाइप अर्ध्या परिघाने खाचेत बसते आणि २० सेंमी लांब टेकते. टेकलेलं क्षेत्रफळ जवळजवळ १९ चौ. सेंमी. ॲनोडायझिंगचा थर १५ मायक्रॉन, त्याची वाहकता १.२ धरू. एका पाइपला अडथळा ०.००७ अंश प्रति वॅट. चार पाइप समांतर असल्या तर ०.००२ सुद्धा नाही. ८८ वॅटवर फरक किती? ०.१५ अंश. एवढ्यासाठी पॉलिश पेपर घेऊन खाचेचा गोलावा बिघडवायचा?

याउलट त्याच सांध्यात ५० मायक्रॉन हवा राहिली तर तेवढ्याच चार पाइपांवर २० अंश जातात. शत्रू थर नाही, फट आहे. थर्मल पेस्टने (उष्णता वाहणाऱ्या लेपाने) फट भरा, खाच गोल आहे तशी ठेवा.

खटपट्या

मान्य. मग पेस्ट भरपूर थापावी का? इथे बाहेर ओघळली तरी बिघडत नाही.

तांबेपितळ

खाचेत भरपूर चालते, प्रोसेसरवर नाही. खाचेत बोटाने पातळ थर, मग पाइप घाला, गोल फिरवून दोन्ही बाजूंना पेस्ट लागली का बघा, मग वरची पट्टी. पट्टीचे स्क्रू तिरपे तिरपे, एका वेळी पाव फेरा. एका बाजूचा स्क्रू आधी पूर्ण आवळला तर दुसऱ्या टोकाला पाइप खाचेतून वर उचलली जाते आणि वरून काहीच दिसत नाही. शंका असेल तर पट्टी उघडा आणि पेस्टचा ठसा बघा: पाइपच्या पूर्ण लांबीवर सलग ठसा हवा. मधे कोरडा पट्टा दिसला तर तिथे संपर्क नाही.

गॅलियमचा लिक्विड मेटल ॲल्युमिनियमच्या आसपासही आणू नका. तो ॲल्युमिनियममध्ये शिरतो आणि धातू ठिसूळ होऊन चुरा होतो. तांब्याचा ब्लॉक आणि प्रोसेसरची निकेल मुलामा दिलेली टोपी यांच्यामध्ये चालतो, पण थेंब कुठे ओघळेल याची खात्री कोण देणार.

हीटपाइपविषयी दोन-तीन गोष्टी, कारण मोठे घोळ इथेच होतात. आत तांब्याची सच्छिद्र वात आणि थोडंसं पाणी असतं. गरम टोकाला वाफ होते, थंड टोकाला पाणी होतं, वात ते परत आणते. ६ मिमीची पाइप आडवी असताना ३० ते ४० वॅट नेते, ८ मिमीची ५०-६०. वाकवताना त्रिज्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी करू नका, म्हणजे ६ मिमीला १८ मिमी. चेमटली तर क्षमता गेली. हाताने वाकवायची असेल तर पाइप बेंडर वापरा, गुडघ्यावर नाही.

दिशा महत्त्वाची. प्रोसेसर खाली आणि पॅनेलवरचा भाग वर असेल तर गुरुत्वाकर्षण पाण्याला परत आणायला मदत करतं. उलट असेल तर वातीला एकटीने पाणी वर चढवावं लागतं. त्यामुळे पॅनेलवरच्या खाचा शक्यतो प्रोसेसरच्या पातळीला किंवा वर वापरा. चारपैकी दोन पाइप वर आणि दोन खाली नेल्या की खालच्या दोन फारच कमी काम करतात, हे बोटाने लावून बघितलं तरी कळतं.

पाइप कोरडी पडली की लक्षण ठरलेलं: प्रोसेसर एकदम १५-२० अंशांनी उसळतो आणि पॅनेल मात्र कोमटच. पाइपच्या दोन टोकांना थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावा. धडधाकट पाइपमध्ये फरक २ ते ४ अंश. १० च्या वर गेला तर ती पाइप जास्तीच्या ओझ्याखाली आहे किंवा मेली आहे.

रेंडरराव

माझी गरज सांगतो: १६ कोअर, रात्रभर ब्लेंडरमध्ये थ्रीडी रेंडर, आणि आवाज शून्य. रायझन ९ ७९५०एक्स आहे. सगळे म्हणतात हा १७० वॅटचा राक्षस, विसरा. खरंच विसरू?

पंखा_नको

मुळीच विसरू नका, फक्त त्याला १७० देऊ नका (पूर्ण सुटला तर तो २३० खातो, ते वेगळंच). बायोसमध्ये इको मोड ६५ करा, म्हणजे पीपीटी ८८. त्याच ८८ वॅटवर ७७०० पेक्षा तो *थंड* राहील, हे अनेकांना पटत नाही. ७७०० मध्ये कोअरची चिप एक, जवळपास ७१ चौ. मिमीची. ७९५०एक्स मध्ये तशा दोन. तेवढीच उष्णता दुप्पट जागेत पसरते. वर १६ कोअर कमी क्लॉकवर, कमी व्होल्टेजवर चालतात, म्हणजे प्रत्येक वॅटमागे काम जास्त. रेंडरसारख्या कामाला बिनपंख्याच्या पीसीत मोठा प्रोसेसर हळू पळवणं हाच शहाणपणा.

एक अडचण: चिपलेटचे (चिपचे वेगवेगळे तुकडे जोडून केलेले) रायझन रिकामे बसले तरी २०-३० वॅट खातात. मेमरीचा एक्सपो प्रोफाइल (जास्त वेगाची तयार सेटिंग) लावला की एसओसी व्होल्टेज (कोअर सोडून बाकीच्या भागाचं) १.२५ ते १.३ वर जातं आणि त्यात भर पडते. ते हाताने १.१ च्या आसपास आणा आणि मेमरी स्थिर राहते का तपासा. दिवसभर फक्त ब्राउझर आणि क्वचित भार असेल तर ८७००जी सारखी एकसंध चिप जास्त बरी, रिकामी असताना ती बरीच कमी खाते.

इंटेलवाल्यांसाठी: आय९-१३९०० खोक्यावर ६५ वॅटचा आहे, पण पीएल२ (थोड्या वेळापुरती वीजमर्यादा) २१९ वॅट, २८ सेकंदांसाठी. १० किलोच्या कॅबिनेटला २८ सेकंदांचे २१९ वॅट म्हणजे काहीच नाही, अंशभरही चढणार नाही. पण ६ मिमीच्या चार पाइप मिळून १४० वॅट नेतात! कॅबिनेट थंड आणि पाइप कोरड्या, अशी गंमत होते. म्हणून पीएल२ पाइपांच्या एकूण क्षमतेच्या खाली ठेवायचा, चार पाइपांना ११०-१२०. पीएल१ (सततची मर्यादा) पॅनेलच्या हिशोबाने. दोन्ही आकडे दोन वेगवेगळ्या गोष्टींवरून ठरतात हे लक्षात ठेवा.

रेंडरराव

उत्तम. आणि ग्राफिक्स कार्ड?

सोल्डरराव

ग्राफिक्सचं सांगतो, पण आनंदाची बातमी नाही.

तयार बिनपंख्याचं कार्ड हवं असेल तर पॅलिटची काल्मएक्स मालिका आहे, त्यात ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० येतं, ७० वॅट, वेगळी पॉवर केबल नाही. ते धुराडं पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये बसवा. कार्ड आडवं बसलं तर फिन खाली तोंड करून असतात आणि गरम हवा पीसीबीखाली साचते. मदरबोर्ड ९० अंश फिरवून पोर्ट वर येतात अशा कॅबिनेटमध्ये कार्ड उभं लोंबतं, तिथे ते सगळ्यात सुखी.

यापेक्षा मोठं हवं तर कार्ड सोलून, चिपवर ब्लॉक बसवून, पाइप दुसऱ्या बाजूच्या पॅनेलला न्यायच्या. ११५ वॅटचं आरटीएक्स ४०६० ही माझ्या मते शहाण्या माणसाची हद्द. सॉफ्टवेअरने पॉवर लिमिट उतरवून चालवा. २०० वॅटचं ४०७० करायचं तर एका पॅनेलला ०.३ च्या हिशोबाने ६० अंश चढ. खोली ३२, पॅनेल ९२. त्यावर पोळी भाजता येईल, हात लावता येणार नाही. पॅनेल ५५ च्या आत ठेवायचं हा माझा नियम.

ब्लॉक बसवताना ठरलेली चूक: मेमरीवरचे पॅड जाड घेतले जातात. चिपवर पेस्ट, मेमरीवर पॅड, दोघांची उंची वेगळी. चिप आणि मेमरी यांच्या उंचीत किती फरक आहे तो व्हर्नियरने मोजा आणि त्यापेक्षा ०.२ ते ०.३ मिमी जाड, *मऊ* पॅड घ्या. १ मिमीच्या जागी दीड मिमीचा कडक पॅड घातला की ब्लॉक चिपवरून उचलला जातो. ओळखायचं कसं? चिपचं सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) यांतला फरक बघा. १०-१५ ठीक. २५ च्या वर गेला तर उघडा.

आणि कार्डाच्या व्हीआरएमला (चिपला हवं ते व्होल्टेज बनवणारं सर्किट) विसरू नका. मूळ कूलर काढला की त्यांच्यावरचं धातूचं छप्परही जातं आणि पंख्याचा वाराही. चिप ७० वर आनंदात आणि व्हीआरएममधले मॉस्फेट ११५ वर, असं चित्र दिसतं. त्यांना पॅडने ब्लॉकशी जोडा.

नवशिक्या_नळ

मदरबोर्डवरच्या व्हीआरएमचंही तसंच का?

सोल्डरराव

तसंच, आणि खरं तर बिनपंख्याचे पीसी प्रोसेसरमुळे मरत नाहीत. प्रोसेसर स्वतःला सांभाळतो. मरतात ते आजूबाजूचे.

८८ वॅट प्रोसेसरला पोचवताना व्हीआरएम ९० टक्के कार्यक्षम धरला तर ९-१० वॅट तिथेच सांडतात. पंख्याच्या पीसीत कूलरचा वारा त्यावरून जातो, इथे काही नाही. १२-१४ फेजचा (व्हीआरएमच्या समांतर शाखांचा) बोर्ड घ्या, ओव्हरक्लॉकसाठी नाही, उष्णता पसरावी म्हणून. चिपसेटही बघा. एक्स५७० च्या बोर्डांवर चिपसेटला पंखा असायचा, तो टाळा. बी५५०, बी६५० ला लागत नाही.

एम.२ एसएसडी: उपाय सोपा आहे. बोर्डाच्या पाठीमागे स्लॉट असेल तर एसएसडी आणि मागच्या पॅनेलमधलं अंतर मोजा, तेवढ्या जाडीतून २ मिमी वजा करून ॲल्युमिनियमची पट्टी कापा, दोन्ही बाजूंना १ मिमी पॅड. पॅड महागडा नको. ६ वॅट, १३ चौ. सेंमी, वाहकता ६ धरली तर एका पॅडमध्ये एक अंशही जात नाही. पीसीआयई ५ ची ड्राइव्ह इथे घेऊ नका, बऱ्याच १० वॅटच्या पुढे जातात आणि कुणाला कळतही नाही की काही जलद झालं.

एसएमपीएस: २४० वॅट भार, ९४ टक्के कार्यक्षमता, म्हणजे १५ वॅट आत सांडले. सीझनिकचा टीएक्स-७०० सारखा बिनपंख्याचा एसएमपीएस गरजेपेक्षा दुप्पट-तिप्पट मोठा घ्यायचा, कारण आतले भाग आरामात राहतात. त्याची जाळी *वर* पाहिजे. कॅबिनेटच्या तळाला, वर झाकणाचा शराउड, अशा जागी तो बसवला तर ओव्हन तयार. शराउड कापा किंवा काढा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम माहीत असेलच: दर १० अंश वाढीला आयुष्य निम्मं.

दुसरा मार्ग, बाहेरची ब्रिक (लॅपटॉपसारखा अडॅप्टर) आणि आत डीसी-एटीएक्स बोर्ड (ब्रिकच्या विजेपासून मदरबोर्डला लागणारी व्होल्टेज बनवणारा). वीजपुरवठ्यात सांडणारी निम्मी उष्णता कॅबिनेटबाहेरच राहते. १५०-२०० वॅटपर्यंत मला हाच आवडतो.

चिमणी

सोल्डररावांचा शेवटचा परिच्छेद सोन्याचा आहे. पूर्ण बंद कॅबिनेट असेल तर प्रोसेसरच्या ८८ पेक्षा हे इकडचे-तिकडचे ३०-४० वॅट जास्त त्रास देतात, कारण त्यांना पाइप नाही. म्हणून भिंत हीटसिंक असली तरी छत आणि तळ मोकळे ठेवा. पूर्ण बंद डबा फक्त धूळ-तेलाच्या कारखान्यासाठी.

नवशिक्या_नळ

तपासायचं कसं? प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं पुरेल?

उष्मांक

नाही! बिनपंख्याच्या पीसीचे यूट्यूबवरचे निम्मे निकाल याच कारणाने खोटे असतात.

१० किलो ॲल्युमिनियम एक अंश तापायला ९ किलोज्यूल घेतं. त्याला पॅनेलच्या ०.३ ने गुणलं की कालांक (तापायला लागणाऱ्या वेळेचं माप) मिळतो: २७०० सेकंद, पाऊण तास. पाऊण तासात ६३ टक्केच चढ होते. खरं स्थिर तापमान बघायला तिप्पट वेळ, म्हणजे सव्वादोन तास. दहा मिनिटांनी तुम्हाला पाचवा हिस्सा दिसतो आणि माणूस खूश होऊन व्हिडिओ टाकतो.

पद्धत: खोलीचं तापमान कॅबिनेटपासून मीटरभर लांब, खालच्या उंचीला मोजा. एचडब्ल्यूइन्फोचा (तापमान नोंदवणारं सॉफ्टवेअर) लॉग चालू. भार लावा. शेवटच्या १५ मिनिटांत वाढ अर्ध्या अंशापेक्षा कमी झाली की थांबा. मग प्रोसेसर, व्हीआरएम, एसएसडी, चिपसेट यांतून खोलीचं तापमान वजा करून लिहून ठेवा. खोली ३२ च्या जागी ४० झाली तर सगळ्यांत ८ मिळवा. कुठला आकडा हद्दीबाहेर जातो तो तुमचा खरा अडसर, आणि बहुतेक वेळा तो प्रोसेसर नसतो.

याची चांगली बाजू अशी की वीस मिनिटांचं कंपाइल असेल तर पॅनेल निम्मंही तापत नाही. सतत आणि अधूनमधून भार असणाऱ्यांचे पीएल१ वेगळे असावेत.

खटपट्या

एक प्रामाणिक शंका. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा एक १४० मिमीचा पंखा ३०० आरपीएमवर टाकला तर? ऐकूही येत नाही.

तांबेपितळ

या धाग्यावर हे लिहायला धाडस लागतं :) पण खरं आहे. त्या पंख्याने हवेचा वेग तिप्पट-चौपट होतो आणि व्हीआरएम, एसएसडी एकदम सुटतात. ७५ अंशांखाली पंखा पूर्ण बंद, वर गेला की ३०० वर, ही मधली वाट उत्तम. फक्त एक ताकीद: पंखा धुराड्याच्या दिशेनेच हवा ढकलू दे. वरून आत फेकणारा पंखा बंद असताना अडथळा, चालू असताना विरोध.

पंखा_नको

तात्त्विक विरोध नोंदवून पुढे जातो. धुळीच्या, किंवा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत शून्य म्हणजे शून्यच.

शून्याची एक किंमत मात्र सांगायची राहिली: पंखा गेला की कॉइलची किरकिर ऐकू येते. ग्राफिक्स कार्डाची असेल तर फ्रेम रेट मॉनिटरच्या रिफ्रेशला बांधा, मेन्यूत ९०० फ्रेम पळतात तेव्हा ती सगळ्यात जास्त असते. माउस हलवल्यावर टिकटिक येत असेल तर प्रोसेसरच्या सी-स्टेट (रिकाम्या वेळी वीज वाचवणाऱ्या पायऱ्या) बदलण्याची; खोल सी-स्टेट बंद केल्या की थांबते, पण रिकामा खप वाढतो. एसएमपीएसची असेल तर बदलून घेण्यापलीकडे काही नाही.

नवशिक्या_नळ

शेवटचं. खनिज तेलात बुडवला तर?

सोल्डरराव

तेल फक्त उष्णता टाकीच्या भिंतीपर्यंत नेतं. भिंतीपासून हवेपर्यंतचा हिशोब तोच, वर उष्मांक यांनी केलेला, आणि काचेच्या टाकीला फिनही नाहीत. शिवाय तेल केबलच्या आतून चढून टेबलावर येतं.

रेंडरराव

ठरलं. ७९५०एक्स पीपीटी ८८, दोन्ही बाजूंना पॅनेल, डीसी-एटीएक्स, ग्राफिक्स ३०५०. प्रोसेसरच्या पाइप कुठल्या पॅनेलला?

तांबेपितळ

८ मिमीच्या चार घ्या, ६ च्या नको. जवळच्या पॅनेलला चारही, एकही खाली नको. ब्लॉकवर दोन-दोन पाइप दोन चिपलेटच्या *वरून* जातील अशी दिशा ठेवा. एएम५ मध्ये कोअरच्या चिप टोपीच्या मधोमध नसतात, एका कडेला सरकलेल्या असतात, त्यामुळे ब्लॉक मधोमध बसवला तर एक पाइप फुकट बसून राहते. ब्लॉकला सरकवून बसवायची पट्टी येते, ती वापरा. स्क्रू तिरपे, पाव-पाव फेरा.

रेंडरराव

सव्वादोन तासांचा लॉग झाला की आकडे इथेच टाकतो.

उष्मांक

खोलीच्या तापमानासकट टाका.